नामांकनाचे पेढे

आमचे सर हरण्याचे पेढे वाटतात, असं आमच्या बाजारपेठेत सगळे गमतीने म्हणायचे. मिठाईवाल्याला तर त्याची सवयच झाली होती. सर दुकानापुढे उभे राहिले की तो गल्ल्यावरूनच ओरडायचा, "काय सर, यंदा पन पडलो काय आपन?"

"पडायला अजून वेळ आहे," सर म्हणायचे. "आज नुसतं नाव आलंय. अर्धा किलो बांधा."

नाव यायचं ते टीव्हीवरच्या एका विनोदी मालिकेचं. नव्वदच्या दशकात दर गुरुवारी संध्याकाळी ती लागायची. सगळी गोष्ट एका लग्नाच्या हॉलवर घडायची. हॉलचा चिडका मॅनेजर, सूर चुकवणारा बँडवाला, मीठ विसरणारा आचारी आणि दारावरचा म्हातारा वॉचमन, एवढी चार कायमची माणसं. दर भागात नवं लग्न आणि नवा गोंधळ. लोक बघायचे, हसायचे आणि जेवायला उठायचे. सरांचं तसं नव्हतं. त्या मालिकेला कुठल्या पुरस्कारासाठी नामांकन मिळालं, कुठला हुकला, कुणी नेला, हे सगळं त्यांना घरच्या माणसाच्या दुखण्यासारखं ठाऊक असायचं.

आमची शाळा मुरबाड तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात होती. आजूबाजूच्या वाड्यांतली मुलं चालत यायची, लांबची मुलं शाळेच्या वसतिगृहात राहायची. सर मूळचे शहापूरचे. वसतिगृहाच्या टोकाच्या खोलीत ते एकटे राहायचे. शनिवारी शाळा सुटली की जीपने किन्हवलीमार्गे घरी, आणि सोमवारी पहिल्या एसटीने परत. टीव्ही त्यांचा स्वतःचा होता. गुरुवारी संध्याकाळी दोन मुलं तो उचलून व्हरांड्यात आणायची. अँटेना फिरवायला एक जण कौलांवर चढायचा आणि वसतिगृहाची मुलं, गावातली बायामाणसं, आमच्यासारख्या वाडीवरच्या मुली अशी सगळी जत्रा अंगणात बसायची.

मालिकांचे पुरस्कार वर्षातून एकदा जाहीर होत. त्याआधी काही दिवस नामांकनं पेपरात यायची. कल्याणहून येणाऱ्या एसटीतून पेपर उतरला की सर तो स्टँडवर उभ्या उभ्या वाचायचे. आपली मालिका त्यात असली की पेढे. सर्वोत्कृष्ट संवाद, नामांकन. सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेता, नामांकन. प्रत्येक वर्गात पेढा फिरायचा आणि तो घेताना त्या त्या कलाकाराचं नाव मोठ्याने घ्यायला लागायचं.

सोहळा टीव्हीवर दाखवायचे त्या संध्याकाळी सर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचे. नामांकनं वाचली जाऊ लागली की आम्हाला उभं करायचे. आमच्या वॉचमनचा चेहरा क्षणभर पडद्यावर यायचा, टाळ्या पडायच्या, मग पाकीट उघडायचं आणि भलत्याच मालिकेतला कुणीतरी टाय लावलेला माणूस स्टेजवर जायचा. आम्हा मुलांची तोंडं उतरायची. सर मात्र त्या टायवाल्यासाठी सगळ्यांच्या आधी टाळी वाजवायचे.

"सर, आपन परत हरलो," कुणीतरी रडवेल्या आवाजात म्हणायचं.

"नाव पुकारलं ना?"

"पुकारलं."

"सगळ्या महाराष्ट्रानं ऐकलं ना?"

"ऐकलं."

"मग चला जेवायला."

त्या मालिकेची सगळी नामांकनं आम्हाला पाढ्यासारखी पाठ होती. पहिल्या वर्षी संवाद. दुसऱ्या वर्षी संवाद आणि आचारी. तिसऱ्या वर्षी आचारी, वॉचमन आणि अख्खी मालिका. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी पाचवीतल्या एका मुलाला विचारलं, "उत्कृष्ट म्हणजे काय रे?" मुलगा ताडकन उभा राहून म्हणाला, "ज्याचं नाव घेतात आनि बक्षीस दुसऱ्याला देतात ते." मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला. सरांना मात्र त्या उत्तराचं इतकं कौतुक वाटलं की पुढे कित्येक वर्षं ते येईल त्याला तो किस्सा सांगायचे.

सरांची हजेरीही अशीच होती. ते भूगोल आणि मराठी शिकवायचे, पण पहिला तास हजेरीतच अर्धा जायचा. मुलाचं नाव, बापाचं नाव, आडनाव, वाडीचं नाव, सगळं खणखणीत आवाजात. त्यावर मुलानेही तितक्याच मोठ्याने "हजर सर" म्हणायचं. पुटपुटलं की पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे आमचा भूगोल कधीच पुरा झाला नाही. दक्षिण अमेरिका तर आमच्या बॅचला शिकवलीच गेली नाही. मुख्याध्यापक चिडायचे, "अहो सर, नुसत्या आडनावावर भागत नाही का?" सर म्हणायचे, "भागतं. पण मग तो भागाकारच होतो."

हे हजेरीचं वेड कुठून आलं, ते त्यांनी एकदाच सांगितलं. त्यांचे वडील भातसा धरणाच्या बांधकामावर मजूर होते. तिथे मुकादम सकाळी हजेरी घेताना बिल्ल्याचा नंबर पुकारायचा. "माझ्या बापाला सहा वर्षं कुणी कामावर नावानं हाक मारली नाही," सर म्हणाले. "घरी आला की आई हाक मारायची तेव्हा दचकायचा." एवढं बोलून त्यांनी खडू उचलला आणि फळ्यावर सह्याद्री काढायला घेतला. पुन्हा तो विषय निघाला नाही.

म्हशाची जत्रा आली की सर आम्हाला घेऊन जायचे. लोक तिथे बैल बघायला जातात, घोंगडी घेतात, पाळण्यात बसतात. सर थेट कुस्तीच्या फडाकडे. तिथेही कुस्तीकडे त्यांचं लक्ष नसायचं. जोड लावण्याआधी लाऊडस्पीकरवर पैलवानाचं नाव, गाव आणि वस्तादाचं नाव पुकारणारा जो माणूस असतो, त्याच्याजवळ ते उभे राहायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. एकदा कुस्ती निकाली होऊन हलगी वाजायला लागली, तरी सर त्याच माणसाला सांगत होते, "तुम्ही मघाशी त्या पोराच्या गावाचं नाव घाईत घेतलंत. गाव लहान असलं तरी सावकाश घ्यायचं."

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, म्हणायच्या, "ह्यांना कुठल्या लग्नाला नेलं की नवरानवरी बघायचं सोडून अहेर कोण वाचतंय तिथे जाऊन बसतात."

मी सरांचा देव करत नाही. त्यांच्यात खोडीही होत्या. पहिल्या येणाऱ्या मुलाचं त्यांना काही म्हणजे काही कौतुक नसायचं. आमच्या वर्गातला कायम पहिला येणारा मुलगा एकदा धीर करून म्हणाला, "सर, तुमी मला कधी शाबास म्हनत नाय." सर म्हणाले, "तुला मार्क म्हणतात की." तो मुलगा आज मोठ्या हुद्द्यावर आहे आणि भेटला की अजून ते बोलून दाखवतो. मला त्याचंही पटतं.

मालिकेला शेवटी एकदा पुरस्कार मिळाला. मिळाला त्या संध्याकाळी नेमकी आमच्याकडे वीज गेली. वॉचमनचं नाव पुकारलं, पाकीट उघडायला घेतलं आणि पडदा काळा झाला. मुलांनी एकच ओरडा केला. सर म्हणाले, "बरं झालं. आपल्याला हवं ते ऐकून झालं." पण त्यांना राहवेना. ते बाजारपेठेतल्या एसटीडी बूथवर गेले आणि शहापूरला शेजाऱ्यांकडे फोन लावून काकूंना बोलावून घेतलं. मी तेव्हा घरी जायच्या वाटेवर होते, म्हणून ते बोलणं ऐकलं.

"निकाल लागला का गं?... काय सांगतेस! मिळालं?... अरे बापरे."

त्यांनी फोन ठेवला. चेहरा असा, की बूथवाल्याने विचारलं, "सर, घरी सगळं बरं हाय ना?"

दुसऱ्या दिवशी आम्ही पेढ्यांची वाट बघत बसलो. पेढे आले नाहीत. शेवटी आम्ही विचारलंच. सर म्हणाले, "त्याला ट्रॉफी मिळाली ना? मग पेढे कशाला?" थोड्या वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "आता पुढच्या वर्षी त्याचं नाव पुकारणार नाहीत."

आणि झालंही तसंच. पुढच्या वर्षी वॉचमनचं नाव नव्हतं, त्याच्या पुढच्या वर्षी मालिकेचंच नव्हतं. मग ती बंद पडली. दर गुरुवारी संध्याकाळी सर व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचे. टीव्ही आतच असायचा.

हे सगळं वेड त्यांनी शाळेत आणलं नसतं तर नवल. आमच्या गॅदरिंगला बक्षिसांच्या आधी नामांकनं असायची. उत्कृष्ट फळा पुसणारा. लांबून चालत येऊन वेळेवर पोचणारी. न सांगता दुसऱ्याची पाटी उचलून देणारा. ज्यांची नावं वाचली जायची त्यांनी स्टेजवर येऊन उभं राहायचं आणि पूर्ण नाव वाडीसकट माईकवरून घुमायचं. वाडीवरच्या मुलांच्या आया मागे उभ्या राहून पदर तोंडाला लावायच्या. त्यात हसू किती आणि रडू किती, ते मला अजून सांगता येणार नाही.

मी दहावीत होते त्या वर्षी माझं लग्न ठरायला आलं होतं. मुलगा मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला, घरी भातशेती, मागणी स्वतःहून आलेली. यात माझ्या बाबांना मी दोष देत नाही. आमच्या घरात तोवर कुणी दहावीपर्यंत गेलं नव्हतं. आम्ही दोघी बहिणी. धाकटी तेव्हा पहिलीत. एका मुलीचं चांगल्या घरी होतंय, तर परीक्षेपर्यंत पाहुण्यांना कशाला ताटकळत ठेवा, एवढाच त्यांचा विचार. जत्रा उठली की सुपारी फोडायची आणि फाल्गुनात लग्न, असं बोलणं झालं होतं. मला शिकायचं होतं. पण ते बोलायचं कसं आणि कुणाकडे, हे मला ठाऊक नव्हतं.

माझ्या शेजारी बाकावर जी मैत्रीण बसायची तिचे वडील आणि माझे बाबा एकमेकांशी बोलत नसत. आमच्या खाचराला लागूनच त्यांचं खाचर. मधल्या बांधावरून भांडण झालेलं, ते आम्ही जन्मायच्या आधीपासूनचं. मी त्यांना काका म्हणायचे, पण लांबून. आम्हा मुलींचं मात्र चांगलं होतं. तिनेच सरांना सांगितलं, "सर, हिचं लगीन ठरतंय. आनि हिचं झालं ना, का मग माझं पन. आमचे बाबा म्हनतात, त्याच्या पोरीचं झालं आनि आपली घरात ऱ्हायली असं व्हायला नको."

सरांनी ऐकून घेतलं. मग हजेरीचं पुस्तक उघडलं. मला वाटलं, संपलं.

म्हशाच्या जत्रेत बाबा बैल बघत होते. मी सोबत होते. सर गर्दीतून आले आणि नमस्कार करून म्हणाले, "गॅदरिंगला या. तुमचं नाव पुकारणार आहे."

बाबा गोंधळले. "माझं? मी कुठं वर्गनी दिली, सर?"

"वर्गणीचं नाही. तुम्ही या फक्त."

तिथून सर पुढे गेले. घोंगड्यांच्या दुकानांपाशी काका उभे होते. सर त्यांच्याशीही बोलताना मला दिसले. काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण काकांनी मान वर करून आमच्याकडे पाहिलं आणि मग टोपी सारखी केली.

गॅदरिंगच्या दिवशी बाबा धुतलेला सदरा घालून आले आणि मागच्या रांगेत बसले. आईच्या मांडीवर धाकटी होती. काका दुसऱ्या टोकाला बसले होते. मुलांची बक्षिसं झाली. मग सरांनी माईक हातात घेतला.

"आता यंदापासून नवीन पुरस्कार. उत्कृष्ट पालक. नामांकनं दोन."

आणि त्यांनी बाबांचं नाव पुकारलं. बाबांचं, आजोबांचं, आडनाव, वाडी. सावकाश, एकेक शब्द सुटा करून, जत्रेतल्या मोठ्या पैलवानाचं पुकारतात तसं.

बाबा उठले. सगळं अंगण चालून स्टेजवर गेले. सरांसमोर उभे राहून खिशात हात घातला, एक नोट काढली आणि सरांच्या हातात ठेवली. आमच्याकडे भजन असो, जत्रा असो, माईकवरून नाव येतं ते देणगी देणाऱ्याचं. नाव घेतलं म्हणजे द्यायचं असतं, एवढंच बाबांना ठाऊक होतं.

कुणीतरी हसलं. सरांनी तिकडे नुसतं बघितलं, हसू थांबलं. मग त्यांनी काकांचं नाव पुकारलं. काकांनी बाबांना नोट देताना पाहिलं होतं. ते स्टेजवर चढले आणि त्याहून मोठी नोट काढून पुढे केली.

सरांनी दोन्ही नोटा ज्याच्या त्याच्या सदऱ्याच्या खिशात परत घातल्या. माईक समोरच होता, त्यामुळे ते काय म्हणाले ते सगळ्यांना ऐकू आलं. "आज द्यायचं नाही. आज फक्त उभं राहायचं."

तसे ते दोघे उभे राहिले. इतक्या वर्षांत एकमेकांच्या इतक्या जवळ ते कधी उभे राहिले नसतील. दोघंही समोर लांब कुठेतरी बघत होते.

"निकाल लावा सर!" मागून कुणीतरी ओरडलं.

"निकाल आत्ता नाही," सर म्हणाले. "यांच्या मुली शिकून पदवी घेऊन बाहेर पडतील तेव्हा निकाल. तोवर दर वर्षी नामांकन."

पहिल्या रांगेतून मुख्याध्यापक म्हणाले, "अहो सर, असा पुरस्कार असतो का कुठं?"

"टीव्हीवर असतो. आधी नामांकन, मग निकाल."

"अहो, ते एका संध्याकाळीत उरकतात!"

"त्यांना घाई असते," सर म्हणाले. मग बाबांकडे आणि काकांकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मधेच कुणाला मुलीचं शिक्षण थांबवायचं असेल तर काही अडचण नाही. पुढच्या गॅदरिंगला यायचं, माईकवर सांगायचं, मी नाव मागं घेतो. बस."

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपाशी आईने विचारलं, "मग त्या पाव्हन्यांना काय सांगायचं?"

"सांग, पोरीची परीक्षा हाय."

"आनि परीक्षेनंतर?"

बाबांनी चहा फुंकला. "नंतरचं नंतर. तो बांधापलीकडचा माईकवर जाऊन नाव मागं घेतोय का बघू आधी."

पलीकडच्या घरातही त्या सकाळी जवळपास हेच बोलणं झालं, हे मला मैत्रिणीने बाकावर सांगितलं. आम्ही दोघी इतक्या हसलो, की सरांनी आम्हाला वर्गाबाहेर काढलं.

पाहुणे थांबले नाहीत. त्या मुलाचं दुसरीकडे झालं. मी दहावी पास झाले, मैत्रीण पण झाली. पुढच्या गॅदरिंगला दोघांची नावं परत पुकारली गेली आणि सरांनी दोघांना पेढा दिला. त्याच्या पुढच्या वर्षीही. बाजारात लोक विचारायचे, "काय, निकाल लागला का?" बाबा म्हणायचे, "अजून नाय. यंदा पन नाव हाय." सांगताना त्यांचा आवाज जरा वर जायचा.

मी बारावी झाल्यावर मुरबाडला कॉलेजात जाऊ लागले. जायला एसटी आणि ती चुकली तर जीप. पहिल्या वर्षाला माझा एक विषय राहिला, तेव्हा बाबा मला काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "बांधापलीकडं कळू देऊ नको." तिकडे मैत्रिणीला बारावीनंतर खरंच कंटाळा आला होता. तिला घरी बसायचं होतं. काकांनी तिला स्वतः नेऊन कॉलेजात नाव घातलं. "तुला कंटाळा आला," ते तिला म्हणाले, "माईकवर मी जाऊ का तू जाशील?"

आज मी शहापूरच्या एका पतसंस्थेत काम करते. स्वतःच्या पायावर उभी आहे. सही करताना पूर्ण नाव लिहिते, बाबांच्या नावासकट. सर गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांनी मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर दक्षिण अमेरिका नक्कीच नाही. पण त्या दिवशी त्यांनी बाबांना उपदेश केला असता, घरी येऊन चार शब्द सुनावले असते, तर बाबा मान खाली घालून "हो सर, हो सर" म्हणाले असते आणि फाल्गुनात माझं लग्न झालं असतं. माझ्या बाबांना कुणी समजावायची गरज नव्हती. त्यांना त्याआधी कधी कुणी मान दिला नव्हता. हे सरांना कळलं आणि मला ते कळायला पदवी घ्यावी लागली.

माझा बी.ए.चा निकाल लागला तोवर सर निवृत्त होऊन शहापूरला राहायला गेले होते. मैत्रीणही त्याच वर्षी पदवीधर झाली. सरांचा निरोप आला: दोन्ही मुली बाहेर पडल्या, आता यंदाच्या गॅदरिंगला मी येतो आणि निकाल लावतो.

निरोप ऐकून बाबा खूश होतील असं मला वाटलं होतं. ते दोन दिवस बांधावर फेऱ्या मारत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "चल, सरांकडं जाऊन येऊ." आईने तांदळाची पिशवी भरून दिली. वाटेत सरळगावला जीप बदलली, किन्हवलीला चहा घेतला.

सरांच्या घरी पोचलो तर काकू दारातच म्हणाल्या, "अगंबाई, आज दोन्ही पार्ट्या एकदम!" आत बघितलं तर खुर्चीवर काका बसलेले, हातात चहाचा कप. बाबांना बघून त्यांनी कप खाली ठेवला आणि खिडकीबाहेर बघायला लागले. बाबा उंबऱ्यापाशीच थांबले. मागे फिरतात की काय, असं मला वाटलं.

"या, या," सर म्हणाले. "बरं झालं दोघं आलात. निकाल काय ते मात्र विचारू नका. ते स्टेजवरच."

बाबा उभ्यानेच बोलले. "सर, ते विचारायला नाय आलो. निकाल लावू नका, असं सांगायला आलोय."

"का हो?"

"धाकटी हाय अजून. निकाल लागला का लोक म्हनतील, झालं आता, संपलं." बाबांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "लोकांचं सोडा, सर. माझंच मन म्हनल."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे बघत होते, कारण वर बघितलं असतं तर रडू आलं असतं.

तेवढ्यात काका खिडकीकडूनच म्हणाले, "आता काय बोलू मी? त्यासाठीच सकाळपासनं येऊन बसलोय. माझी पन धाकटी हाय."

सरांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसला, परत घातला. पुरस्कार हुकल्यावरसुद्धा ज्यांचा आवाज कधी हलला नव्हता, त्यांचा आवाज आता जागेवर नव्हता. "म्हणजे परत स्टेजवर उभं राहावं लागेल," ते म्हणाले. "नव्यानं. मीच येईन पुकारायला."

"ऱ्हाऊ की," बाबा म्हणाले.

"ऱ्हाऊ," काका म्हणाले.

काकूंनी दुसरी खुर्ची आणली. जागा लहान, त्यामुळे ती काकांच्या शेजारीच ठेवावी लागली. बाबा बसले. दोघंही समोरच्या भिंतीकडे बघत होते. मग बाबा भिंतीला विचारल्यासारखं म्हणाले, "तुझी कितवीला?"

"पाचवीला. तुझी?"

"सातवीला."

काकांनी थोडा विचार केला. "म्हंजे तुझी आधी सुटल."

"नाय सुटायची. तिला डॉक्टर व्हायचंय."

काकांनी पहिल्यांदा मान वळवून बाबांकडे बघितलं. "हे कधी ठरलं?"

"आताच," बाबा म्हणाले.